आधीच उधळलेला गुलाल

साहेबांना गुलालाचा वास सहन व्हायचा नाही. आता आमच्या सांगलीकडं राहून हे कसं जमायचं, सांगा! इथं ग्रामपंचायत जिंकली की गुलाल, सोसायटी जिंकली की गुलाल, शर्यतीत बैल पहिला आला की गुलाल, गणपती येताना गुलाल आणि जातानाही गुलाल. लांबून हलगीचा आवाज आला की साहेब पुस्तक मिटायचे, अभ्यासिकेच्या रस्त्याकडच्या सगळ्या खिडक्या लावायचे आणि मागच्या गच्चीवर जाऊन उभे राहायचे. भर उन्हाळ्यात पंखा गरम हवा फेकतोय आणि हा माणूस खिडक्या लावतोय, म्हणून नवीन मुलं कुरकुरायची. जुनी मुलं त्यांना गप्प करायची. "ॲलर्जी आहे त्यांना," म्हणायची.

ॲलर्जी कसली डोंबलाची! मला खरं कारण माहीत होतं, कारण साहेब आणि मी एकाच गावचे, तासगावच्या पुढचे. आणि साहेब कुठलेही साहेब नव्हते, हेही आधीच सांगून टाकते. ते स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी होते. मी सांगलीला बीएस्सीला आले तेव्हा होते आणि माझी डिग्री हातात आली तेव्हाही होते. मार्केट यार्डाजवळ हळदीच्या वखारींमागं एका इमारतीत, वरच्या मजल्यावर आमची अभ्यासिका. 'साहेब' हे नाव त्यांना गावानं दिलं होतं आणि परत घ्यायचं कुणाला सुचलं नाही.

झालं असं. मी तेव्हा बारावीत होते. साहेबांनी फौजदाराची परीक्षा दिली होती. लेखी पास झालेल्यांची यादी मोबाईलवर आली, तीत त्यांचं नाव होतं. पुढं मैदानी चाचणी होती, मुलाखत होती, त्यानंतर शेवटची यादी. पण एवढं वाचतंय कोण! कुणीतरी नावाभोवती लाल गोल करून यादी गावाच्या ग्रुपवर टाकली आणि संध्याकाळच्या आत चौकात फ्लेक्स उभा राहिला. 'फौजदारपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. खाली शुभेच्छुकांचे फोटो, काही तर साहेबांच्या फोटोपेक्षा मोठे. साहेब सांगलीहून फोनवर ओरडून सांगत होते, "अजून निवड झाल्याली न्हाई! काढा त्यो फ्लेक्स!" त्यांचे वडील मिलिटरीतून हवालदार म्हणून रिटायर झालेले, सगळं गाव त्यांना हवालदार आबा म्हणतं. आबा त्यांना म्हणाले, "लेखी झाली म्हंजी झालंच की रं. ऱ्हायलं काय, पळायचंच! माझा पोरगा हाईस, तुला पळाय कोण हरवतंय?" आणि त्यांना आणायला जीप धाडून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिरवणूक निघाली. धूळ उडू नये म्हणून रस्त्यावर टँकरनं पाणी मारलेलं, रस्ता सिमेंटचा, वरनं पोत्यानं गुलाल. सगळा लाल चिखल झाला होता. मी स्वागतगीत म्हणायला शाळेच्या पायरीवर उभी होते, त्यामुळं सगळं समोर दिसत होतं. पोरांनी साहेबांना उचलायला हात घातला तेवढ्यात आबा पुढं झाले. "सरका रं, माझा पोरगा हाय, मीच उचलनार!" उचललंही, साठीच्या माणसानं. खांद्यावर घेऊन थोडं नाचले आणि पाय घसरला. दोघंही खाली आले. साहेबांचा उजवा पाय अंगाखाली दुमडला होता. आबा कपडे झटकत हसत उठले, लोकांनी शिट्ट्या मारल्या, हलगी थांबलीच नाही. साहेबही उठले, ओठ दाताखाली धरून पायरीपर्यंत आले. मी गाणं म्हटलं. मग सरपंचांपासून सगळ्यांची भाषणं झाली आणि मागं खुर्ची ठेवलेली असून साहेब सगळा वेळ उभेच होते. गुडघा वाकत नव्हता. लोक एकमेकांना म्हणत होते, बघा, काय नम्र पोरगा आहे.

मैदानी चाचणीत साहेब पळण्यात बाद झाले. मिरजेच्या डॉक्टरांनी गुडघ्याचं लिगामेंट तुटलंय म्हणून सांगितलं. घरी मात्र साहेबांनी सांगितलं, "सरावाला पळताना लचकला." चौकातला फ्लेक्स उतरला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. आधी लोक हळहळून 'साहेब' म्हणायचे, नंतर सवयीनं, आणि मग गालातल्या गालात हसत. "काय साहेब, पोस्टिंग कुठं?" असं कटिंगच्या दुकानात कुणी विचारलं की बाकीचे पेपर तोंडावर धरायचे. आणि आबा! डेअरीवर दूध घालायला आले की चार लोकांत सांगायचे, "आमचं पोरगं पळाय कमी पडलं. आमी पाठीवर वजन घिऊन डोंगर चढायचो." मी किटली घेऊन रांगेत असायचे. माझ्या अंगाची नुसती आग व्हायची.

कॉलेजसाठी मी सांगलीला आले, त्या दिवशी साहेब स्टँडवर मला उतरवून घ्यायला आले होते. आमच्या वडिलांनीच फोन केला होता त्यांना. त्यांनी माझी ट्रंक उचलली आणि किंचित लंगडत चालायला लागले. मी तोंड उघडणार, तर तेच म्हणाले, "मॅडम, तुझं गाणं लय चांगलं झालं हुतं त्या दिवशी. बाकीचं तू काय बघितलं न्हाईस." मी म्हटलं, "बघितलंय की. आबा घसरले आणि..." ते थांबले. ट्रंक खाली ठेवून म्हणाले, "न्हाई बघितलंस. म्हाताऱ्यानं हौसंनं उचललं हुतं. त्यास्नी कळलं तर ते जेवायचं सोडतील. शपथ घे गळ्याची." मी घेतली. अठरा वर्षांच्या मुलीला शपथ किती जड असते ते काय माहीत असतं!

त्यानंतर सांगलीत कसं राहायचं ते मी साहेबांकडूनच शिकले. पहिली गोष्ट डबा. आमच्या भागातल्या पोरांचा डबा गावाकडून पहिल्या एसटीनं येतो. साहेबांची आई, म्हणजे काकी, आणि माझी आई उजाडता उजाडता फाट्यावर यायच्या आणि पिशव्या कंडक्टरच्या हातात द्यायच्या. काकी रोज बजावायच्या, "साहेबाचा डबा हाय, सांडू नका." सांगलीच्या स्टँडवर आमच्यासारखी कितीतरी पोरं गाडीची वाट बघत उभी असायची. साहेब दोन्ही पिशव्या घेऊन यायचे आणि मला डब्याचं शास्त्र सांगायचे. रश्श्याची भाजी सकाळीच खायची, ती दुपारी आंबते. भाकरी ओल्या फडक्यात ठेवायची. शेंगदाण्याची चटणी संध्याकाळला राखायची. कारखाने सुरू झाले की गाडी उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकणार आणि डबा दुपार टळल्यावर येणार, तेव्हा उपाशीपोटी गणितं सोडवायची नाहीत, इतिहास वाचायचा. "भुकंच्या पोटाला आकडं झेपत न्हाईत," म्हणायचे. "लढाया चालत्यात."

अभ्यासिकेत त्यांची जागा कोपऱ्यात, भिंतीकडं तोंड करून. खिडकीजवळची जागा रिकामी झाली तरी ते हलायचे नाहीत. मला त्यांनी शेजारची जागा धरून दिली होती. मला ती अजिबात आवडायची नाही. समोर पोपडे आलेली भिंत, बाजूला हळदीची पिवळी भुकटी बसलेलं कपाट, आणि पावसाळ्यात वर ओल. मी कुरकुरले की म्हणायचे, "दाराकडं तोंड करून बसलीस की कोण पास होऊन पेढं घिऊन आलंय ते दिसतंय. भिंतीकडं बस." पेढे मात्र ते सगळ्यांचे खायचे. ज्यांना त्यांनी स्वतः शिकवलं त्या पोरांचेही. पेढा तोंडात टाकून पाठ थोपटायचे आणि परत भिंतीकडं वळायचे. मला त्या पेढेवाल्यांचाही राग यायचा, उगाचच.

सुट्टीला गावी जायचं तर प्रश्नांची झुंबड. कुठल्याही लग्नात, बारशात कुणी ना कुणी पकडायचंच, "काय, लागलं का कुठं?" साहेबांनी त्यावर एक उत्तर ठरवलं होतं. "चाललंय." बस्स. "कोण विचारतंय ते उत्तरासाठी विचारत न्हाई. त्याला फकस्त विचारायचं आसतंय," असं त्यांचं म्हणणं. माझ्यासाठी घरी स्थळं यायला लागली तेव्हा त्यांनी मला युक्ती शिकवली. "कायम पुढल्या परीक्षेची तारीख सांगायची. बापाला 'न्हाई' म्हणायचं न्हाई, 'परीक्षा झाल्यावर' म्हणायचं. परीक्षा काय संपत न्हाईत." ती युक्ती मला पुरली. त्यांच्याही लग्नाचं त्यांनी तसंच पुढं पुढं ढकललं आणि शेवटी विचारणारेच थांबले.

एकदा पहिल्या सेमिस्टरला माझे दोन विषय राहिले. मी अभ्यासिकेत सगळ्यांदेखत टेबलावर डोकं ठेवून रडायला लागले. साहेब माझ्याजवळ आले, कानाशी म्हणाले, "हितं न्हाई. वर टाकीपाशी जा, तिथं कोण येत न्हाई. रड पोटभर. झालं की नळ हाय, तोंड धू आन् खाली ये. मी पान काढून ठिवतो." मी खाली आले तेव्हा पुस्तक खरंच उघडून ठेवलेलं होतं. त्यांना टाकीपाशी कोण येत नाही हे कसं माहीत, हे मला नंतर कळलं. एका दुपारी मी भाकरीचं फडकं वाळत घालायला वर गेले आणि टाकीपाशी पाठमोरे साहेब दिसले. मी पाय न वाजवता खाली आले.

दिवाळीला मी गावी जाऊन आले तेव्हा मला एक गोष्ट दिसली आणि ती सांगितल्याशिवाय राहवलं नाही. त्यांच्या घरामागं कडब्याची गंज होती आणि पावसानं भिजू नये म्हणून काकींनी तिच्यावर तो फ्लेक्स घातला होता. चेहरा वरच्या बाजूला. ऊन खाऊन फोटो फिकट झाला होता, पण 'हार्दिक अभिनंदन' स्वच्छ वाचता येत होतं. मला वाटलं साहेब चिडतील. ते हसायला लागले. "मग चांगलंच झालं की! माझ्या तोंडानं वैरण तरी कोरडी ऱ्हातीया." आणि बराच वेळ हसत राहिले, मला नको वाटेपर्यंत.

वर्षं गेली. डिग्री झाल्यावर मीही तलाठ्याच्या परीक्षेच्या मागं लागले. गुडघ्यानं फौजदारकी गेली म्हणून साहेबांनी दुसऱ्या परीक्षा दिल्या. क्लार्क, विक्रीकर, तलाठी, जे निघेल ते. कधी परीक्षा पुढं गेली, कधी जाहिरातच निघाली नाही, कधी थोडक्यात नाव हुकलं. कधी पूर येऊन कृष्णेचं पाणी पार आमच्या गल्लीत शिरलं आणि पुस्तकं डोक्यावर घेऊन आम्ही बाहेर पडलो. साहेब प्रत्येक वेळी परत भिंतीकडं तोंड करून बसायचे. मी एकदा वैतागून म्हटलंच, "सोडा की आता. काहीतरी धंदा करा, नाहीतर गावी जाऊन बाग बघा." ते म्हणाले, "गावात जाऊन ऱ्हाऊ कुठल्या तोंडानं? एवढा गुलाल खाल्लाय गावाचा." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "एकडाव पास व्हायचंय. कसलं का पद आसंना. मग आबांस्नी डेरीवर दुसरं काय तरी बोलाय मिळंल." त्यांचा सगळा जीव एवढ्याशा गोष्टीत अडकला होता, आणि मला ते माहीत असून काही करता येत नव्हतं.

शेवटी परीक्षेला बसायचं वय संपलं. पोरं त्याला 'एज बार' म्हणतात, तंबाखू मळत असल्यासारखं सहज म्हणतात. साहेबांनी चाकणला एका कंपनीत कंत्राटी काम धरलं. जायच्या दिवशी मी स्टँडवर गेले होते, तेच स्टँड जिथं रोज डबे उतरतात. ते म्हणाले, "भिंतीकडची जागा तुझी. आन् एक ध्यानात ठिव. यादीत नाव आलं तरी गावात सांगायचं न्हाई. हातात आर्डर आल्यावर सांग. न्हाई, आर्डर येऊन हजर झाल्यावर सांग. लोकास्नी गुलालाची लय घाई आसती." मी म्हटलं, "आणि शपथ? ती कधी सोडू?" त्यांनी डोळे वटारले. "ती न्हाई सोडायची." गाडी लागली, ते चढले. लंगडा पाय आधी वर ठेवायचा आणि मग दांडी धरून दुसरा उचलायचा, अशी त्यांची चढायची रीत होती. सण असो, जत्रा असो, त्यानंतर ते गावात आलेच नाहीत.

डबा मात्र येत राहिला. म्हणजे माझाच, पण त्यात काकींच्या दोन भाकरी जास्तीच्या. आई फोनवर म्हणाली, "ती अजून फाट्यावर येती. हात ऱ्हात न्हाई म्हनती." मी त्या भाकऱ्या खाल्ल्या आणि त्यांच्यावरच तलाठ्याची परीक्षा पास झाले. यादी लागली तेव्हा घरी एक अक्षर बोलले नाही. आदेश आला, फलटण तालुक्यात रुजू झाले, पहिल्या सुट्टीला गावी गेले आणि मगच आईला सांगितलं. आई आनंदानं रडली आणि मग, "एवढं दडवून ठेवलंस, आम्ही काय वैरी हाय?" म्हणून रुसली.

सत्काराला मी अट घातली होती. मिरवणूक नाही आणि गुलाल नाही. अट ऐकतंय कोण! चौकात फ्लेक्स होताच. शुभेच्छुक तेच, फोटो फक्त जरा जाड झालेले. गुलालही होता, परातीत. पहिलं बोट लावायला हवालदार आबांनाच पुढं केलं. त्यांनी माझ्या कपाळाला गुलाल लावला, माईक हातात घेतला आणि म्हणाले, "आमचं पोरगं पळाय कमी पडलं, पर हिनं गावाचं नाव राखलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या कानात टाळ्या शिरल्याच नाहीत. मला फक्त टँकरनं भिजवलेला तो रस्ता दिसत होता.

कार्यक्रम झाला की मी सरळ त्यांच्या घरी गेले. काकींच्या पाया पडले. त्या माझ्या तोंडावरून हात फिरवून आत चहा ठेवायला गेल्या. आबा ओट्यावर बसले होते. मी शपथ मोडली. मला त्याचं काही वाटत नाही, आजही वाटत नाही. म्हटलं, "आबा, ते पळायला कमी पडले नव्हते. तुमच्या खांद्यावरून पडले. मी बघितलंय. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि तुम्ही आजही माईकवर..."

आबा दचकले नाहीत. गुलालानं लाल झालेलं बोट धोतराला पुसत राहिले. डाग काही निघत नव्हता. "ठावं हाय मला," म्हणाले. "माझा पाय घसरला तवाच गुडघा वाजल्याला मी ऐकला हुता."

"मग तसं का सांगता लोकांना?"

"मग काय सांगू?" त्यांचा आवाज एकदम चढला. "मी पाडला म्हनून सांगू? हवालदारानं सोताच्या पोराला गुलालात पाडला म्हनून?" आतून काकी चहा घेऊन आल्या तसे ते गप्प झाले. चहा त्यांनी घेतला नाही.

मी घराबाहेर येऊन साहेबांना फोन लावला. मागं कंपनीतल्या मशीनचा आवाज येत होता. मला वाटत होतं, आता यांच्या छातीवरचं ओझं उतरणार. एवढी वर्षं ज्याच्यासाठी गप्प राहिले ते सगळं त्या माणसाला माहीतच होतं, आता दोघं बोलतील, हे घरी येतील. मी धापा टाकत सगळं सांगितलं. "साहेब, आबांना माहीत होतं! पहिल्यापासून माहीत होतं!"

मशीनचा आवाज लांब गेला, ते बाहेर आले असावेत.

"मला बी ठावं हुतं," मग ते शांतपणे म्हणाले. "त्यास्नी ठावं हाय ते. दवाखान्यात पट्टी बांधताना ते माझ्या तोंडाकडं बघत नव्हतं, तवाच कळलं."

"मग बोलला का नाही तुम्ही? दोघांतलं एकही कसं बोललं नाही?"

"बोलून गुडघा सरळ हुतोय व्हय, मॅडम?" ते म्हणाले. "तू कपाळ धू आदी. वास यायलाय हितंपतोर." आणि त्यांनी फोन ठेवला.

मी त्यांच्या दारातल्या नळावर कपाळ धुतलं. मागं गंजीवर माझा नवा फ्लेक्स घालायचा म्हणून आबांनी साहेबांचा जुना खाली ओढला होता आणि तो अंगणात पडला होता. मला दोघांचाही राग आला. अजून आहे.